रीसलिंग गोड की आंबट? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: जर्मनीतल्या मोझेलची एक व्हाइट वाइन प्यायले, लेबलवर रीसलिंग काबिनेट असं होतं. पहिला घोट चांगलाच गोड लागला, पण गिळल्यावर लिंबू पिळल्यासारखं तोंडाला पाणी सुटलं. अल्कोहोल फक्त ८ टक्के. ही वाइन गोड म्हणायची की आंबट, आणि साखर वरून घालतात का?

उत्तर: दोन्ही म्हणा, रीसलिंग या द्राक्षाच्या वाइनची खरी मजाच ती आहे. आणि साखर वरून घातलेली नाहीये, काबिनेट दर्जाच्या वाइनमध्ये तशी घालायला जर्मन कायद्यानेच बंदी आहे, ती द्राक्षातलीच. मोझेलचं खोरं साधारण ५० अंश उत्तर अक्षांशावर येतं, म्हणजे द्राक्ष धड पिकेल अशा पट्ट्याच्या पार वरच्या कडेला. तिथं फळ हळूहळू पिकतं, काढणी ऑक्टोबरपर्यंत जाते. उष्ण हवेत द्राक्षातलं मॅलिक ॲसिड, म्हणजे आंबटपणा देणारं आम्ल, भराभर जळून जातं आणि थंड रात्रींमुळे ते टिकतं, त्यामुळे फळात साखर भरली तरी आंबटपणा जागच्या जागी असतो. मग फर्मेंटेशन चालू असताना यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल बनवत असतं, तेव्हाच वाइन गार करून, गाळून ते मधेच थांबवतात, म्हणून अल्कोहोल कमी आणि थोडी साखर शिल्लक. लिटरमागे ४० ग्रॅम साखर असलेली काबिनेट यात नवल काही नाही, पण ती चिकट लागत नाही कारण आंबटपणा तिला उचलून धरतो, आणि नुसता आंबटपणा असता तर दात आंबले असते!

फक्त फार गार पिऊ नका. फ्रिजमधून काढल्या काढल्या वास जवळपास येतच नाही, ८ ते १० डिग्रीला आली की सफरचंद, पीच, लिंबाची साल, कधी फुलांचा वास असं एकेक बाहेर यायला लागतं. घोट तोंडात जरा धरा आणि गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते ते बघा, माझ्या मते चांगली रीसलिंग ओळखायची हीच सगळ्यात भरवशाची खूण.

प्रश्न: मला गोड वाइन आवडत नाही. श्पेटलेझ लिहिलेली बाटली घेऊ की नको?

उत्तर: नुसत्या त्या एका शब्दावरून ठरवू नका. काबिनेट, श्पेटलेझ, आउसलेझ ही नावं द्राक्ष तोडलं तेव्हा त्याच्या रसात साखर किती होती ते सांगतात, बाटलीत शेवटी किती उरली ते नाही, आणि इथंच बहुतेक लोक फसतात. श्पेटलेझच्या पुढे ट्रोकन असेल तर ती कोरडी म्हणजे ड्राय. ट्रोकनची मर्यादा लिटरला ४ ग्रॅम साखर, पण वाइनमधला आंबटपणा साखरेपेक्षा २ ग्रॅमहून जास्त खाली नसेल तर ९ ग्रॅमपर्यंत चालते, म्हणजे बघा, कायद्यालाही गोडवा आंबटपणाशी ताडूनच मोजावा लागतो. फाइनहेर्ब असेल तर हलका गोडवा धरून चाला, या शब्दाला पक्की कायदेशीर मर्यादा नाही. काहीच कळलं नाही तर अल्कोहोलचा आकडा बघा. जर्मन रीसलिंगवर ७ ते ९ टक्के असेल तर साखर राहिलीय, १२ च्या वर असेल तर बहुतेक ड्राय.

प्रश्न: मोझेलच्या वाइनमध्ये स्लेट दगडाची चव उतरते असं सगळे म्हणतात, खरंय का?

उत्तर: वेलीची मुळं दगड शोषून त्याची चव द्राक्षात आणतात असं होत नाही. पण स्लेटचं महत्त्व खरंच मोठं आहे. तो दिवसभर ऊन पितो आणि नंतर ती ऊब सोडत राहतो, पाणी झटकन खाली जाऊ देतो. शिवाय नदीकाठचे उतार इतके उभे की ब्रेम गावच्या काल्मोंट या द्राक्षमळ्यावर चढ ६५ अंशांच्या आसपास जातो, अशा उतारावर सूर्य जवळजवळ सरळ पडतो म्हणून इतक्या उत्तरेला रीसलिंग पिकते तरी. तिथली बरीचशी कामं अजून हातानेच करावी लागतात, त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे.

प्रश्न: जुन्या रीसलिंगला चक्क रॉकेलचा वास आला. खराब झाली का?

उत्तर: नाही हो, ओतून टाकू नका! तो टीडीएन नावाच्या घटकाचा वास. द्राक्षातल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांपासून तो तयार होतो, घडांवर ऊन जास्त पडलं की जास्त, आणि बाटलीत वर्षं जातात तसा वाढतो. ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅलीसारख्या उन्हाच्या भागातल्या रीसलिंगला तो लवकर येऊ शकतो. त्याच्यासोबत मध, सुकं जर्दाळू, लिंबाचा मुरलेला वास असेल तर मला तो फार आवडतो, पण फळ पूर्ण गायब आणि नुसतं रॉकेल उरलं असेल तर त्या बाटलीत मजा नाही असं माझं स्पष्ट मत.

प्रश्न: तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले, प्यावी का?

उत्तर: बिनधास्त. ते टार्टारिक ॲसिडच्या क्षाराचे स्फटिक, गारव्यात खाली बसतात. हळू ओता म्हणजे ग्लासात येणार नाहीत.

प्रश्न: बूच नाही, फिरकीचं झाकण आहे. म्हणजे हलकी वाइन का? आणि उघडल्यावर किती दिवस टिकते?

उत्तर: झाकणावरून दर्जा ठरवू नका. क्लेअर व्हॅलीतल्या रीसलिंग बनवणाऱ्यांच्या एका गटाने २००० सालच्या वाइनपासून मुद्दाम एकत्र येऊन फिरकीचं झाकण घेतलं, कारण खराब बुचाने वाइनला कुबट वास लागतो आणि रीसलिंगसारख्या नाजूक वासाच्या वाइनमध्ये तो लगेच कळतो. उघडलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवली तर तीनचार दिवस छान राहते, गोडसर असेल तर बऱ्याचदा त्याहूनही जास्त.