आईच्या कमरेतली गाठ आणि रिपोर्टमधलं प्रश्नचिन्ह

प्रश्न: आई ६८ वर्षांची आहे. डाव्या पायात कळ जायचीच, गेल्या महिन्यात एकदम वाढली. एमआरआयमध्ये एल ४-एल ५ ला फॅसेट जॉइंटला लागून १ सेंटीमीटरची गाठ आलीये, 'टी वनवर ब्राइट, हेमरेजिक सिस्ट? कॉन्ट्रास्ट करावा' असं लिहिलंय. कॅन्सर तर नाही ना? परत खर्च करायचा का?

उत्तर: आधी घाबरणं थांबवा. मणक्यांच्या मागे दोन्ही बाजूंना छोटे सांधे (फॅसेट जॉइंट) असतात, ते झिजले की आतलं वंगण पिशवीसारखं बाहेर फुगतं (हीच सिस्ट) आणि नस दाबतं, आणि एल ४-एल ५, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली जागा, ही तर त्याची ठरलेली जागा. नेहमीची सिस्ट पाण्याची, म्हणजे एमआरआयच्या दोन प्रकारच्या इमेजपैकी टी टूवर पांढरी आणि टी वनवर काळी. तुमच्या आईची टी वनवरच पांढरी आहे म्हणून 'हेमरेजिक', म्हणजे आत रक्त असलेली, यापुढे ते प्रश्नचिन्ह. तसं बहुधा रक्ताने किंवा चरबीने होतं, म्हणून फॅट सप्रेशनची (चरबी दाबून काढलेली) इमेज बघायची, तिथे चरबी काळी पडते पण रक्त पांढरंच राहतं. कळ अचानक वाढली हेही रक्तस्रावाशी जुळतंय. आई रक्त पातळ करायची गोळी घेते का? हे रेडिओलॉजिस्टला कोणी सांगतच नाही, तुम्ही सांगा, पण गोळी स्वतःहून बंद करू नका.

कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून औषध देऊन काढलेला एमआरआय, उगाच लिहिलेलं नाही. सिस्टची बहुतेक वेळा नुसती कड उजळते, नसेच्या ट्यूमरचा आतला भागही उजळतो, डिस्कचा (दोन मणक्यांमधल्या गादीचा) तुटलेला तुकडासुद्धा कडेनेच उजळतो आणि तिथे मात्र फसायला होतं, मग गाठ सांध्याला चिकटलीये की डिस्ककडून आलीये ते बघावं लागतं. कॉन्ट्रास्टच्या आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, करून घ्या. कडेला कॅल्शियम किंवा आत हवा असल्याची शंका असेल तर साधा सीटी, एमआरआयवर दोन्ही काळेच दिसतात.

आणि एक, उभं राहून पुढे-मागे वाकून एक्स-रे काढलाय का? एमआरआय झोपवून काढतात, त्यात सरकणारा मणका लपू शकतो, आणि ऑपरेशनमध्ये नुसती गाठ काढायची की मणका पक्का करायला स्क्रूही टाकायचे हे ठरवताना सर्जन तोच एक्स-रे मागतील.

लघवी अडली, बसायच्या जागी बधिर वाटलं किंवा पाऊल उचलेना झालं तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इमर्जन्सीत न्या.