मे महिन्यात जळगावात भरीत मागू नका

तुमचा प्रश्न असा आहे: "प्रवासात त्या त्या गावचा खास पदार्थ कसा शोधायचा? मे महिन्यात कामासाठी दोन दिवस जळगावला जातोय. तिथलं भरीत प्रसिद्ध आहे म्हणतात, ते कुठल्या हॉटेलात चांगलं मिळेल?"

कुठल्याच नाही. मे महिन्यात जळगावात भरीत मागू नका. मागितलंत तर ताटात काहीतरी येईल, पण ज्या भरताचं नाव ऐकून तुम्ही विचारताय ते हे नव्हे. मी यावल तालुक्यातला. घरी शेती आहे, वांगी लावतो. आणि नेमक्या याच प्रश्नावरून आमच्या नात्यात वर्षानुवर्षं वाद चालू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझे साडू ठाण्याचे. फिरण्याची आणि खाण्याची मनापासून हौस असलेला माणूस. कुठल्याही गावाला निघायच्या आधी फोनवर तिथल्या हॉटेलांची यादी तयार असते. एका आखाजीला ते सगळ्यांना घेऊन आमच्याकडे आले. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खान्देशात हा दिवाळीच्या तोडीचा सण आहे. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, पितरांच्या नावाने घागर भरतात. आमच्याकडची कितीतरी जुनी माणसं त्या दिवशी पितरांना आंब्याचा रस दाखवल्याशिवाय आंब्याला हात लावत नाहीत.

साडू येताना महामार्गावरच्या एका हॉटेलात भरीत खाऊन आले. त्यांनीच वर्णन केलं: जांभळं वांगं, कांदा-टोमॅटोच्या मसाल्यात परतलेलं, वर लाल तर्री. दारात चपला काढता काढता म्हणाले, "एवढं नाव ऐकलं होतं तुमच्या भरताचं, याहून बरं आमच्या ठाण्यात मिळतं."

त्या वेळी आई आणि वहिनी मागच्या अंगणात चुलीपाशी होत्या. पहाटेपासून मांडे चालले होते. मांड्यांसाठी गहू ओलवून दळायचे, पीठ वस्त्रगाळ करायचं, भिजवायचं आणि मग ते परातीत आपटून आपटून इतकं मळायचं की हातात धरलं तर न तुटता लांबायला हवं. त्यात पुरण भरायचं. पोळपाट-लाटण्यावर थोडंसं लाटून झालं की मांडा दोन्ही हातांवर घ्यायचा आणि फिरवत फिरवत वाढवायचा, कोपरापर्यंत येईस्तोवर. मग चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायचा. एक क्षण चुकला तर फाटतो. माझी वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिला मांडा येत नव्हता, आईने तिला तो शिकवला, आणि आज गावातल्या लग्नकार्यात मांड्यांना तिला बोलावणं येतं. सांगायचं कारण, हा पदार्थ पुस्तकात वाचून जमत नाही. हाताला हात लावून शिकावा लागतो.

साडूंच्या ताटात मांडा, रस आणि कुरडई वाढली. त्यांनी अर्धा मांडा खाल्ला आणि म्हणाले, "पुरणपोळीच ना ही? फक्त मोठी आहे." संध्याकाळी गाडी काढून शहरात गेले, कारण तिथल्या एका हॉटेलात एकाच थाळीत भरीत, शेवभाजी आणि मांडा असं सगळं मिळतं, असं त्यांनी फोनवर वाचलं होतं. आई काही बोलली नाही. मला मात्र ते लागलं, आणि अजून लागतं.

तेव्हापासून लग्न असो, बारसं असो, साडूंचं एकच वाक्य: जळगावचं भरीत म्हणजे नुसतं नाव. मी सांगतो, थंडीत या. ते म्हणतात, "ज्या पदार्थाचं एवढं नाव आहे तो बारा महिने मिळायला हवा. मानांकन मिळालंय ना त्याला?" मिळालंय. २०१६ साली जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही त्याच वर्षी मिळालं. पण मानांकन वांग्याला आहे, हॉटेलातल्या भाजीला नाही. आणि वांगं हे पीक आहे, त्याला हंगाम असतो. हापूस डिसेंबरात मिळाला नाही म्हणून कोणी कोकणाला नावं ठेवत नाही. वांग्याच्या बाबतीत मात्र लोकांना हे सुचत नाही, कारण वांगं बाजारात बारा महिने दिसतं.

भरताचं वांगं वेगळं असतं. फिकट हिरवं, मोठं, सालीला पातळ, बिया कमी. बामणोद, असोदा या भागातली वांगी नावाजलेली. पावसाळ्यात लागवड होते आणि थंडी पडली की वांग्याला खरी चव येते. उन्हं तापायला लागली की तेच झाड बियाळ, कडसर वांगी देतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, त्या उन्हात वांग्याकडून तुम्ही काय अपेक्षा करणार? जुन्या माणसांनी तर याचा नियमच घालून ठेवलाय: चातुर्मासात वांगं वर्ज्य, मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मग खायला सुरुवात. त्यामागे श्रद्धा आहेच, पण पिकाचं गणितही त्यात बरोबर बसतं.

आता भरीत कसं होतं ते सांगतो, म्हणजे हॉटेलात तुमच्या पुढ्यात काय ठेवलंय ते तुम्हाला ओळखता येईल. शेतात कपाशीच्या किंवा तुरीच्या वाळलेल्या काड्या पेटवायच्या. त्या भडकन पेटतात, जाळ मोठा आणि थोडाच वेळ. त्यामुळे साल करपते आणि आतला गर ओलसर राहतो. गॅसच्या बारीक आचेवर वांगं आतून सुकत जातं, शिवाय धुराचा वास येत नाही तो नाहीच. साल काढून गर लाकडी भांड्यात मुसळीने ठेचायचा. हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचून घ्यायचे. तेलात शेंगदाणे तळायचे, कांद्याची पात आणि कोथिंबीर भरपूर, कुणी खोबऱ्याचे काप घालतं. लाल तिखट नाही, गरम मसाला नाही, आणि टोमॅटो तर नाहीच नाही. भरताचा रंग हिरवट-पांढरा हवा. लाल दिसलं की ताट परत करा, असं मी स्पष्ट सांगतो.

सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. कळणा म्हणजे ज्वारी आणि सालीसकट काळे उडीद एकत्र दळलेलं पीठ, त्यातच थोडं मीठ. ज्वारी आमची दादर, तापीकाठच्या काळ्या जमिनीत नुसत्या ओलीवर येणारी. थंडीत दर रविवारी कुणाच्या ना कुणाच्या शेतात भरीत पार्टी असते आणि तिथे भाजण्या-ठेचण्याचं काम बहुतेक पुरुषच करतात. आमच्याकडच्या लग्नांतही थंडीत भरीत-पुरीचं जेवण घालतात. हे सगळं साडूंना एकदा दाखवायचंय. दर वर्षी बोलावतो. डिसेंबरात रजा मिळत नाही, असं उत्तर येतं. आखाजीला मिळालेली रजा त्यांनी हॉटेलांत घालवली, याचं मला आजही वाईट वाटतं.

तर तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. खास पदार्थ शोधायचा तर 'कुठे' विचारण्याआधी 'या महिन्यात काय' ते विचारा. हे फक्त खान्देशाला लागू आहे असं नाही. सुरतेला ज्वारीचा कोवळा पोंक थंडीतच. काशीला दुधाच्या फेसाचा मलइयो थंडीच्या सकाळीच, ऊन वर आलं की संपला. कोलकात्याला खजुराच्या नव्या गुळाचा संदेश हिवाळ्यात. पालघरकडे शेवळं ही रानभाजी पावसाळ्याच्या तोंडाशी, तीसुद्धा बाजारात बसणाऱ्या आदिवासी बायकांकडे. यातली एकेक गोष्ट चुकीच्या महिन्यात मागा, काहीतरी नकली समोर येईल आणि तुम्ही घरी जाऊन सांगाल की त्यात काही विशेष नाही.

दुसरं, हॉटेलच्या आधी बाजार बघा. आठवडे बाजारात ज्या भाजीचा ढीग लागलाय आणि जी गावातल्या बायका पिशव्या भरभरून नेतायत, तेच त्या महिन्याचं जेवण. त्याहून चांगली जागा म्हणजे पिठाची गिरणी. लोक कुठलं धान्य कशात मिसळून दळायला आणतात ते दहा मिनिटं उभं राहून पाहा. कळणा काय असतो हे कळायला जळगावातल्या गिरणीइतकी चांगली जागा नाही. गिरणीवाल्याला विचारा, तो आनंदाने सांगेल, आणि बहुधा रांगेतली एखादी मावशी त्याला दुरुस्तही करेल. तिचं ऐका.

तिसरं, जिथे एकाच ताटात भरीत, मांडा, शेवभाजी, वरण-बट्टी असं सगळं बारा महिने मिळतं ते हॉटेल टाळा. भरीत थंडीचं, मांडे आखाजीचे. हे दोन्ही आमच्या घरात कधी एका पंगतीला बसत नाहीत. ज्या ताटात ते एकत्र दिसतात तिथे दोन्हींपैकी एक तरी ओढूनताणून आणलेलं आहे.

मग मे महिन्यात तुम्ही काय खायचं? शेवभाजी बेधडक खा, ती कुठल्याही महिन्यातली. धाब्यावर खा. शेव जाड आणि तिखट हवी, रस्सा काळ्या मसाल्याचा हवा आणि शेव अगदी वाढायच्या वेळी रश्श्यात पडायला हवी. बारीक शेव घालून आधीच शिजवून ठेवलेली असेल तर तिचा लगदा होतो. वरण-बट्टी मिळाली तर सोडू नका, सोबत वांग्याची घोटलेली भाजी असतेच. होय, वांगी मे महिन्यात असतात, मसाल्यात शिजवायला चालतात, भाजून नुसत्या मिरची-लसणावर खायला चालत नाहीत, एवढाच माझा मुद्दा आहे. कुणाच्या घरी जायचा योग आला तर बिबडे मागा. ज्वारीचे पापड, उन्हाळ्यात गच्चीवर वाळत घातलेले असतात. अर्धवट ओला बिबडा वर कच्चं तेल घालून खाणं ही आम्हा सगळ्यांची लहानपणची चैन होती. आणि केळी आहेतच, रावेर-यावलची. त्यांची शिफारस मी करायची गरज नाही.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. जळगाव शहरात थंडीत तयार भरीत किलोवर विकणारी दुकानं असतात, त्यांतली बरीच चांगली आहेत, तेव्हा सगळ्या विकतच्या भरताला मी नावं ठेवतोय असं समजू नका. मी बोलतोय ते मुख्यतः आमच्या यावल-रावेर-जळगाव पट्ट्याबद्दल. धुळे-नंदुरबारकडची चव, मसाला, करायची पद्धत वेगळी, तिकडचे लोक माझ्या काही वाक्यांवर भांडतील आणि त्यांना तो हक्क आहे. घरोघरी भरतातही फरक असतो, कुणी पात आधी घालतं कुणी नंतर, ते चालायचंच. तिखटाची सवय नसेल तर शेवभाजीबरोबर ताक आधीच मागवून ठेवा. आणि तुम्ही कामासाठी येताय, तेव्हा बाजार-गिरणी फिरायला वेळ नसेल हेही मला समजतं. तसं असेल तर ज्या कार्यालयात जाल तिथल्या लोकांना दुपारी डबा उघडताना विचारा की घरी सध्या काय चाललंय. आमच्याकडची माणसं डबा पुढे करतात, त्याला नाही म्हणू नका.

मांडा मात्र नक्की खा. आखाजी एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मे महिन्यात येते, तुमच्या तारखा तिच्या पुढेमागे असतील तर फारच उत्तम. सण उलटून गेला असला तरी आंबा आहे तोवर मांडे होत राहतात. शहरात ऑर्डरीने मांडे करून देणाऱ्या बायका आणि बचत गट आहेत, उतरल्या उतरल्या लॉजवाल्याला किंवा रिक्षावाल्याला विचारा, कुणाची ना कुणाची मावशी निघतेच. आदल्या दिवशीच सांगून ठेवा, कारण गहू ओलवण्यापासून सुरुवात असते. आणि शक्य असेल तर पार्सल घेऊ नका. चुलीशेजारी बसून, खापरावरून उतरला की लगेच, रसात बुडवून खा.