मेंदूतील गाठींवर संशोधन करायचे, तर गणित सोडावे का?

सप्रेम नमस्कार.

आपली कन्या अकरावी विज्ञानला आहे आणि मेंदूतील गाठ अगदी सुरुवातीला वाढते कशी, त्यात रोगप्रतिकारक पेशींचा वाटा किती, यावर तिला संशोधन करायचे आहे. ‘नीट’च्या तयारीसाठी तिने गणित सोडावे का, असे आपण विचारले आहे. रक्षण करणाऱ्या पेशीच गाठीला मदत करतात हे तिचे म्हणणे आपल्याला पटलेले नाही, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

तिचे म्हणणे बरोबर आहे. मायक्रोग्लिया या प्रतिकारक पेशी गर्भावस्थेतच मेंदूत येऊन स्थिरावतात आणि आपल्या बारीक शाखा सतत हलवीत आसपासची पाहणी करतात. एडिंबरा येथील संशोधकांनी झेब्राफिश या छोट्या माशाच्या पारदर्शक पिल्लांच्या मेंदूत, कर्करोगाच्या वाटेवर नुकत्याच लागलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा मायक्रोग्लिया त्यांना बिलगलेल्या दिसल्या. पण त्या पेशींचा फडशा पडण्याऐवजी त्यांचे विभाजन चालूच राहिले, आणि मायक्रोग्लिया नसलेल्या पिल्लांमध्ये मात्र ते मंदावले. चेतापेशी ज्या रासायनिक संकेताने मायक्रोग्लियाला जवळ बोलावतात, तोच संकेत या बिघडलेल्या पेशी वापरीत होत्या. इतक्या लवकर घडणारी ही गोष्ट रोखता आली तर काय, हा प्रश्न सोळा-सतराव्या वर्षी एखाद्या मुलीला पडावा, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

अशा प्रयोगांत जनुकशास्त्राइतकेच प्रतिमांचे विश्लेषण आणि संख्याशास्त्र लागते, त्यामुळे गणित सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘आयसर’ या केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थांच्या प्रवेशपरीक्षेत जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित या चारही विषयांचे प्रश्न असतात, गणित ठेवल्याने ‘नीट’ देण्यास कोणतीही आडकाठी येत नाही. एमबीबीएसनंतरही संशोधनाकडे वळता येते, परंतु तिचा ओढा पेशींकडे असेल तर पुण्याच्या आयसरमधील पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम मला अधिक योग्य वाटतो. पुढे पीएचडीसाठी खारघरचे ॲक्ट्रेक हे टाटा मेमोरियलचे कर्करोग संशोधन केंद्र, पुण्याचे राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र किंवा मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र येथे प्रयत्न करता येईल.

ही वाट लांबची आहे. पीएचडी पूर्ण होईपर्यंत ती तिशीच्या आसपास पोहोचेल, आणि तोवर मिळकत शिष्यवृत्तीचीच असेल; ‘नेट’ ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन कनिष्ठ संशोधक शिष्यवृत्ती मिळवलेल्याला 2023 पासून दरमहा 37,000 रुपये मिळतात. घराने याची तयारी ठेवावी आणि हे तिच्याशी मोकळेपणाने बोलावे. तिच्या महाविद्यालयात जीवशास्त्र आणि गणित दोन्ही एकत्र घेता येतात का, आणि विषयबदलाची मुदत कधीपर्यंत आहे, हे मात्र याच आठवड्यात कार्यालयात विचारून घ्यावे.