ट्रायजेमिनल न्यूरॅल्जियासाठी आईला टेग्रेटॉल दिलंय, महिन्याचा खर्च किती आणि गोळी सेफ आहे का?

तुमच्या आईंच्या गालात कळा येतात, डॉक्टरांनी टेग्रेटॉल लिहून दिलंय आणि केमिस्टने "ही फिटची गोळी आहे" म्हटल्यावर तुम्ही घाबरलात. माझ्या आईला हाच आजार आहे, चार वर्षं झाली, म्हणून लिहितेय. मी डॉक्टर नाही.

फिटचीच गोळी आहे ती, कार्बामाझेपिन, पण चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेच्या या दुखण्यासाठी पहिलं औषध तेच देतात. साध्या पेनकिलरने ही कळ हलत नाही. आईची आधी दाढ काढली, तरी कळ तशीच. वारा लागला तरी करंट बसल्यासारखं व्हायचं, रिक्षात पदर गालावर धरून बसायची, चहा गार करून उजव्या बाजूने घोट घोट घ्यायची. गोळी सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी तिने नीट दात घासले आणि मला हाक मारून सांगितलं.

खर्चाचं म्हणाल तर गोळी स्वस्त आहे. आम्हाला 200 मिलिग्रॅमची सीआर (पोटात हळूहळू विरघळणारी) गोळी तीन रुपयांच्या आतबाहेर पडते, दिवसाला तीन, म्हणजे महिन्याचे तीनशेच्या आत. जनऔषधी केंद्रातही कार्बामाझेपिन नावाने विचारून बघा, पण एकदा एक कंपनी लागू पडली की डॉक्टरांना न विचारता बदलू नका आणि साधी आणि सीआर यांची अदलाबदल तर अजिबात नको. सीआर कुटून किंवा चावून द्यायची नसते. खरे पैसे जातात ते एमआरआय आणि रक्ताच्या तपासण्यांत, आणि तिथे काटकसर करू नका असं मी हात जोडून सांगेन.

कारण सांगते. आईला बीपीसाठी लघवी जास्त होणारी गोळी चालू होती, ती आणि ही मिळून दोन महिन्यांत रक्तातलं सोडियम घसरून 122 वर आलं. आम्हाला वाटलं वयामुळे विसरतेय, गॅसवर दूध ठेवून देवघरात जाऊन बसायची, नातवाला माझ्या भावाच्या नावाने हाक मारायची. तपासणी साध्या रक्ताची, काहीशे रुपयांची. ॲडमिट करावं लागलं, बीपीची गोळी बदलली, मग ठीक झाली. तेव्हा सोडियम, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लिव्हरची टेस्ट कधी कधी करायची ते आत्ताच विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट पुरळ. अंगावर पुरळ, तोंडात फोड, डोळे लाल आणि ताप, यातलं काहीही दिसलं की पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन, फोन नाही लागला तर सरळ इमर्जन्सीत. क्वचित होतं पण जिवावर बेततं, आणि झालं तर बहुतेकांना पहिल्या काही महिन्यांतच होतं. याचा धोका आधी कळावा म्हणून एचएलए-बी 1502 नावाची जीनची टेस्ट असते, आपल्याकडे ती सगळे लिहून देत नाहीत, पण गोळी अजून सुरू केली नसेल तर जरूर विचारा.

सुरुवातीला झोप, चक्कर, तोल जाणं होतं, त्यामुळे रात्री बाथरूमला जाताना सोबत राहा, लाइट चालू ठेवा. महिनाभराने कळ परत डोकावली तर घाबरू नका, शरीर हे औषध हळूहळू जास्त वेगाने फोडायला लागतं म्हणून डोस वाढवावा लागू शकतो, तो डॉक्टरच वाढवतील. बरं वाटलं म्हणून एकदम बंदही करायची नाही. घशासाठी वगैरे क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक कोणी दिलं तर आधी ही गोळी दाखवा, त्याने रक्तात हिचं प्रमाण खूप वाढतं. ग्रेपफ्रूटनेही वाढतं, पपनस त्याच्याच जातीतलं म्हणून आम्ही तेही बंद केलंय.

आईंची बीपीची गोळी कोणती आहे तेवढं आज स्ट्रिप वाचून बघा, आणि स्ट्रिपचा फोटो न्यूरोलॉजिस्टना दाखवा.