स्टीरिओ लावल्यापासून बोटीचे दिवे मिणमिणतात आणि सेल्फही लागत नाही, दोष कुठे असेल?

तुमची बॅटरी नवी, १२ व्होल्टची. इंजिन ४० एचपीचं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगलेलं. बासचा ठोका पडला की फिशफाइंडर (मासे दाखवणारं यंत्र) बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि नांगर टाकून तासभर गाणी ऐकली की सेल्फ लागत नाही. माझ्या होडीचं अगदी हेच झालं होतं, आणि मीही आधी बॅटरीच बदलली. पैसे पाण्यात.

आधी मल्टिमीटर घ्या. डीसी २० व्होल्टवर ठेवा, गाणं नेहमीच्या आवाजात लावा. लाल पिन बॅटरीच्या प्लसला, काळी अॅम्पच्या (स्टीरिओच्या अॅम्प्लिफायरच्या) प्लसला. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट वायरने वाटेतच खाल्ले. मायनसकडेही तसंच मोजा. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या बरंच वर गेलं, तर चोर सापडला.

माझ्याकडे सहा मीटर लांब, ६ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) घरगुती वायर होती. ५० अॅम्पियर खेचले की जाऊन-येऊन १२ मीटरमध्ये १.७ व्होल्ट गायब. २५ स्क्वेअरमध्ये तेच ०.४ होतं. त्यात लगवरची (वायरच्या टोकाच्या कडीवरची) टेप काढली तर खाली हिरवा कळंक, आणि वायर सोलत गेलो तर वीतभर आतपर्यंत तांबं काळं पडलेलं. खाऱ्या हवेत कथील चढवलेली वायरच घ्या, महाग पडली तरी.

फिशफाइंडरची जोडणी अॅम्पच्या वायरवरूनच घेतलीय का, तेही बघा. ती वेगळी करून थेट बॅटरीवर नेली, तरी तो रिसेट होत असेल, तर गाणं चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलवरचा व्होल्टेज बघा.

सेल्फचं दुखणं मात्र वेगळं. अशा आउटबोर्डची चार्जिंग कॉइल मॉडेलप्रमाणे जेमतेम पाच ते वीसेक अॅम्पियर देते, तीही इंजिन पळत असताना. नांगरावर तर शून्य. म्हणजे गाणी सेल्फच्या वाट्याचा करंट पितात. दुकानदार कपॅसिटर गळ्यात मारेल. त्याने करंट वाढत नाही. संगीतासाठी दुसरी बॅटरी ठेवा आणि मध्ये व्होल्टेज बघून जोडणारा-तोडणारा रिले टाका. अॅम्पचा फ्यूज बॅटरीपासून वीतभरातच हवा. अॅम्पजवळ लावला तर मधली वायर शॉर्ट झाल्यावर तो काहीच करणार नाही.

आणि हो, टर्मिनल सोडवण्याआधी पेट्रोलची टाकी होडीतून उतरवा.

मीटरचे आकडे इथे टाका, इंजिन चालू आणि बंद असतानाचे दोन्ही.