स्टोइक, स्टॉलिड, अलूफ, रिझर्व्ड : सगळ्यांचा अर्थ 'भावना न दाखवणारा' असाच आहे का?

नाही, या चारही इंग्रजी शब्दांचा अर्थ वेगळा आहे. आणि 'असाच ना?' म्हणणारा एक माणूस आमच्याच घरात आहे म्हणून लिहितोय.

बाबा गेले तेव्हा मी चारचौघांत रडलो नाही. कागदपत्रं, फोन, आल्यागेल्याच्या झोपायची सोय, सगळं मीच बघत होतो, आणि रात्री बाथरूमचा नळ सोडून आत काय करायचो ते माझं मला माहीत. पाचव्या दिवशी आतेभावाने फॅमिली ग्रुपवर लांबलचक इंग्रजी मेसेज टाकला, त्यात माझं कौतुक काय, तर हा शेवटपर्यंत 'स्टॉलिड' राहिला. खाली सगळ्यांचे हात जोडलेले इमोजी. अरे, स्टॉलिड म्हणजे मख्ख! ज्याला आत काही पोचतच नाही तो. लॅटिनमधल्या मूळ शब्दाचा अर्थच मंद, मठ्ठ असा आहे. त्याला म्हणायचं होतं स्टोइक, म्हणजे लागतं सगळं पण सोसतो, बोलून दाखवत नाही. हा शब्द ओसरीवरून आलाय, इ.स.पू. 300 च्या सुमारास झेनो नावाचा तत्त्वज्ञ अथेन्समधल्या एका रंगवलेल्या ओसरीत शिकवायचा आणि ओसरीला ग्रीकमध्ये स्टोआ म्हणतात. मी त्याला हे फोन करून सांगितलं तर म्हणतो, "एकच की रे, भावना कळल्याशी मतलब." भावनाच तर चुकीची कळली ना!

बाकीचे दोन सोपे आहेत. रिझर्व्ड माणूस ओळख झाली की खुलतो. अलूफ तुटक असतो, मुद्दाम चार हात लांब. हा जहाजावरचा शब्द, किनाऱ्याकडे ढकलले जाऊ नये म्हणून नाक वाऱ्याकडे धरायचं, त्यावरून आला. म्हणून लाजाळू माणसाला अलूफ म्हणू नका, त्याच्यावर अन्याय होतो. फ्लेग्मॅटिक तुम्ही विचारलेला नाही पण तो कफावरून आलाय, कफ प्रकृतीचा थंड माणूस, चिडणारच नाही असा.

तर माझा सल्ला, जिवंत माणसाबद्दल स्टॉलिड लिहूच नका, आणि शब्द शोभिवंत वाटला म्हणून ग्रुपवर टाकायच्या आधी डिक्शनरी उघडा.

आता खरं सांगायचं तर काही डिक्शनऱ्यांत स्टॉलिडचा अर्थ 'शांत, भरवशाचा' असाही दिलाय. तो मला त्याच रात्री सापडला होता. आतेभावाला अजून सांगितलेलं नाही.