खरा फुटबॉल कोणता? चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाला अमेरिकन लोक फुटबॉल का म्हणतात?

"चेंडू हातात घेऊन पळायचं आणि त्याला फुटबॉल म्हणायचं, हे कुठलं शहाणपण?" असं तुम्ही विचारलंय. दर विश्वचषकाला हा टोमणा नव्याने फिरतो. पण पायाने खेळला तर फुटबॉल आणि हात लागला की फुटबॉल नाही, ही वाटणी नाव पडलं तेव्हा नव्हतीच. ती नंतर झाली, आणि ज्याला आपण भारतात फुटबॉल म्हणतो त्यातसुद्धा ती पहिल्या दिवसापासून नव्हती.

स्कॉटलंडमध्ये 1424 साली कायदा करून फुटबॉलवर बंदी घातली गेली. म्हणजे शब्द निदान 600 वर्षं जुना आहे. तो जुना खेळ कसा असेल याचा अंदाज इंग्लंडमधल्या डर्बीशर परगण्यातल्या अ‍ॅशबोर्न गावात आजही घेता येतो. ईस्टरपूर्व उपवास सुरू होतात त्याच्या आदल्या दिवशी आणि पहिल्या दिवशी, असे दोन दिवस अख्खं गाव दोन बाजूंत विभागून खेळतं. दोन गोलांमध्ये सुमारे 5 किलोमीटर अंतर. नदीच्या ज्या बाजूला तुमचा जन्म, तो तुमचा संघ. चेंडू बहुतेक वेळ कुणाच्या तरी कवेत आणि त्याच्याभोवती माणसांचा ढीग. चेंडू गाडीत घालून पळवायचा नाही, कोटाखाली लपवायचा नाही, असे तिथले नियम. याचंही नाव फुटबॉलच आहे, आणि 'हात लावता मग नाव बदला' असं त्या गावाला सांगायला कुणी जात नाही.

आता मुख्य गोष्ट, 1863 सालची. लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये 26 ऑक्टोबरला काही क्लबांची बैठक झाली आणि फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. तोवर प्रत्येक शाळेचे आणि क्लबचे नियम वेगळे. सामना ठरवायचा तर आधी कुणाच्या नियमाने खेळायचं यावरच घासाघीस. म्हणून एक नियमावली करायला ही मंडळी बसली. वाद दोन मुद्द्यांवर पेटला: चेंडू घेऊन पळू द्यायचं का, आणि समोरच्याच्या नडगीवर लाथ मारू द्यायची का. नोव्हेंबरच्या मसुद्यात दोन्हीला परवानगी होती. डिसेंबरमध्ये दोन्ही कलमं काढली गेली आणि ब्लॅकहीथ क्लब बाहेर पडला. त्यांचं म्हणणं असं की नडगीवरची लाथ गेली तर खेळातली मर्दुमकीच गेली.

मसुद्यातून ते मुद्दे गेले म्हणून आजचा फुटबॉल तयार झाला असं समजू नका. मंजूर झालेल्या 13 नियमांतला आठवा बघा. उडता चेंडू हाताने झेलता येत होता, आणि झेलणाऱ्याने लगेच टाचेने जमिनीवर खूण केली तर त्याला फ्री किक मिळायची. सातवा त्याहून मजेशीर. चेंडू विरोधी गोलरेषेपलीकडे गेला आणि आक्रमण करणाऱ्याने आधी हात टेकवला, तर रेषेपासून 15 यार्ड मागून गोलवर एक मोकळी किक. रग्बी पाहिलं असेल तर ओळखीचं वाटेल. 'ट्राय' (गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणं) आणि त्यानंतरची किक यांचं हे जवळचंच रूप. शिवाय चेंडूच्या पुढे असलेला प्रत्येक खेळाडू ऑफसाइड, म्हणजे त्याने खेळात भाग घ्यायचा नाही, त्यामुळे पुढे पास देणं जवळजवळ अशक्य. हाताने झेलणं आणि हा कडक ऑफसाइड, दोन्ही 1866 मध्ये गेले. गोलकीपर ही जागा नियमात 1871 ला आली, आणि 1912 पर्यंत गोलकीपरला आपल्या अख्ख्या अर्ध्या मैदानात चेंडू हाताळता येत होता.

बाहेर पडलेल्यांनी काय केलं? 1871 मध्ये त्यांच्या बाजूच्या क्लबांनी आपली संघटना काढली आणि तिचं नाव ठेवलं रग्बी फुटबॉल युनियन. 'फुटबॉल' त्यांनी सोडला नाही, कारण आपणही फुटबॉलच खेळतो याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. गंमत म्हणजे ज्या नडगीवरच्या लाथेसाठी ब्लॅकहीथने 8 वर्षांपूर्वी उठाव केला, ती या नव्या संघटनेनेही बंद केली. इकडच्या खेळाचं औपचारिक नाव 'असोसिएशन फुटबॉल', तिकडच्याचं 'रग्बी फुटबॉल'. फिफा या जागतिक संघटनेच्या इंग्रजी नावातली (FIFA) शेवटची दोन अक्षरं उलगडा, 'फुटबॉल असोसिएशन' हेच निघतं. नुसतं 'फुटबॉल' तिथेही नाही. हे विशेषण गळून पडलं ते वापराने, कुठल्या न्यायनिवाड्याने नव्हे.

अमेरिकेची शाखा याच रग्बीच्या फांदीवरची. रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात 6 नोव्हेंबर 1869 ला जो सामना झाला, तो तिथला पहिला महाविद्यालयीन फुटबॉल सामना मानतात. एका बाजूला 25 खेळाडू, चेंडू गोल, आणि तो हातात घेऊन पळायला मनाई. म्हणजे तो असोसिएशनच्या जवळचा. मग 1874 मध्ये कॅनडाच्या मॅगिल विद्यापीठाचा संघ हार्वर्डशी खेळायला आला, हार्वर्डला रग्बीचे नियम आवडले, आणि 1876 पर्यंत बाकीची मोठी विद्यापीठंही तिकडे वळली. 1880 मध्ये येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्पच्या आग्रहाने संघ 15 वरून 11 वर आला आणि झुंबडीऐवजी 'स्क्रिमेज' आलं: चेंडू एका संघाकडे, तो मागे ढकलून डाव सुरू. हा चेंडू सुरुवातीला पायाने मागे ढकलत.

मग नियमातली पळवाट सापडली. चेंडू आपल्याकडेच ठेवता येतो म्हटल्यावर संघ अर्धा-अर्धा वेळ तो नुसता धरून बसू लागले. 1881 चा प्रिन्स्टन-येल सामना असाच 0-0 सुटला. म्हणून 1882 मध्ये 3 प्रयत्नांत 5 यार्ड पुढे जा नाहीतर चेंडू सोड, हा नियम आला, आणि ते मोजायला मैदानावर 5-5 यार्डांवर रेघा पडल्या. आज जे 4 प्रयत्न आणि 10 यार्ड दिसतात ते 1912 चे.

तुमच्या प्रश्नाचा खरा कस मात्र गुणतक्त्यात आहे. 1883 मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा आकडे ठरले, तेव्हा टचडाउनला (चेंडू विरोधी गोलरेषेपलीकडे नेण्याला) 2 गुण, त्यानंतरच्या किकला 4, आणि खेळत्या डावातून मारलेल्या फील्ड गोलला 5. म्हणजे हाताने नेलेल्या चेंडूपेक्षा पायाने मारलेला चेंडू दुप्पट महाग! पुढे टचडाउन वाढत 1912 ला 6 वर पोचला, फील्ड गोल उतरत 1909 ला 3 वर. पुढे फेकलेला पास तर 1906 पर्यंत बेकायदाच होता. अमेरिकेत नाव रुजलं तेव्हा हा किकचा खेळ होता. नाव तसंच राहिलं आणि खेळ खालून सरकला. इंग्लंडच्या रग्बीचंही तेच. 'ट्राय' हा शब्दच 'गोल मारून बघण्याची संधी' या अर्थाचा. सुरुवातीला त्याला स्वतःची किंमत नव्हती. आज त्याला 5 गुण आणि किकला 2.

आजही अमेरिकन सामना पायाने निकाली निघतोच. फेब्रुवारी 2002 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगच्या (एनएफएल) अंतिम सामन्यात, न्यू इंग्लंडच्या संघाने 20-17 असा विजय मिळवला तो अ‍ॅडम विनाटिएरीच्या शेवटच्या क्षणीच्या 48 यार्डांच्या किकवर.

दोन दावे मात्र खोडून टाका, कारण अमेरिकेची बाजू घेणारे ते सर्रास वापरतात. एक, चेंडू एक फूट लांब म्हणून फुटबॉल. एनएफएलचा चेंडू 11 ते सव्वाअकरा इंच असतो, आणि नाव त्या चेंडूच्या कितीतरी आधीचं. दोन, घोड्यावर न बसता पायी खेळायचा म्हणून फुटबॉल. ऐकायला बरं वाटतं, पण त्याला ठोस पुरावा नाही. अमेरिकेची बाजू या दोन्हींशिवाय भक्कम आहे.

'पायाने खेळतात तोच' ही कसोटी प्रामाणिकपणे लावली तर काय होतं तेही बघा. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये 6 गुणांचा पूर्ण गोल फक्त पायाने मारलेलाच धरतात. चेंडू वाटेत दुसऱ्या कुणाला लागला किंवा खांबाला घासला तर 1 गुण. असोसिएशनमध्ये डोक्याने, छातीने, गुडघ्याने, अगदी चुकून पाठीवर आपटूनही गोल होतो. मग जास्त 'फुट' कुठे? आणि वयाच्या कसोटीवरही मेलबर्न पुढे आहे: तिथले नियम 17 मे 1859 ला लिहिले गेले, लंडनच्या आधी 4 वर्षं. शेफील्डचे नियम 1858 चे, त्याहूनही जुने. पण इंग्लंडमधल्या रग्बी गावच्या शाळेचे 1845 चे आहेत, म्हणजे जुन्याला मान द्यायचा तर नाव रग्बीला द्यावं लागेल. हा निकाल तुम्हाला चालेल असं वाटत नाही.

आयर्लंडमध्ये हा वाद नुसता नावाचा राहिला नाही. तिथल्या गेलिक फुटबॉलमध्ये 15 खेळाडू, चेंडू गोल, हातात घेऊन 4 पावलं टाकता येतात, मग तो जमिनीवर आपटायचा किंवा पायाच्या बोटांनी उडवून परत हातात घ्यायचा. 1884 मध्ये स्थापन झालेल्या गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनने आपल्या सभासदांना 'परके' खेळ खेळायला आणि बघायलाही बंदी घातली होती. 1938 मध्ये देशाचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड आयर्लंड-पोलंड असोसिएशन सामना बघायला गेले, म्हणून त्यांना संघटनेच्या आश्रयदातेपदावरून काढून टाकलं. ही बंदी 1971 पर्यंत होती.

'सॉकर' या शब्दावर राग काढण्यातही अर्थ नाही, तो इंग्रजांचाच. 'असोसिएशन'मधल्या 'सॉक'ला ऑक्सफर्डच्या पोरांनी 'अर' जोडला, जसा रग्बीचा 'रगर' केला. 1960 साली निघालेलं 'वर्ल्ड सॉकर' हे मासिक लंडनचंच. उलट अमेरिकेची संघटना 1913 मध्ये 'फुटबॉल असोसिएशन' या नावानेच जन्मली. 1945 ला नावात 'सॉकर' घुसलं आणि 1974 ला 'फुटबॉल' बाहेर पडलं. ऑस्ट्रेलियाने 2005 च्या सुमारास बरोबर उलटं केलं, 'सॉकर' काढून 'फुटबॉल' घेतलं. राष्ट्रीय संघ मात्र अजून 'सॉकरूज'च.

माझं मत विचाराल तर 'मान कुणाला' याला उत्तर नाही, 'कुठे' याला आहे. ज्या गावात ज्या प्रकाराचे क्लब आधी रुजले, तिथे नुसतं 'फुटबॉल' हे नाव त्याने घेतलं. मागून आलेल्याला विशेषण लावून घ्यावं लागलं. लंडनचा रिचमंड फुटबॉल क्लब रग्बी खेळतो, मेलबर्नचा रिचमंड फुटबॉल क्लब ऑस्ट्रेलियन फुटबॉल. आपल्याकडचंच बघायचं तर 1870 च्या दशकातला कलकत्ता फुटबॉल क्लब रग्बीचा होता. तो मोडला तेव्हा बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून ते वितळवले आणि चषक घडवला: झाकणावर हत्ती, कान म्हणून तीन नाग. इंग्लंड आणि स्कॉटलंडचे रग्बी संघ 1879 पासून त्याच कलकत्ता कपसाठी खेळतात. नंतर ड्युरँड आणि रोव्हर्स या स्पर्धा, आणि कलकत्त्याच्या मोहन बागान क्लबचा 1911 चा आयएफए शील्ड स्पर्धेतला विजय यांनी भारतात नाव कायमचं असोसिएशनकडे नेलं. कोल्हापुरात पेठांच्या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात तो फुटबॉल, गोव्यात धेंपो-साळगावकर खेळले तो फुटबॉल. तिथे हा प्रश्न कुणाला पडत नाही.

परदेशी राहणाऱ्यांना पडतो, आणि तिथे चूक खिशाला लागते. अमेरिकेत शाळेच्या फॉर्मवर मुलासाठी 'फुटबॉल'पुढे खूण केलीत तर हेल्मेट आणि खांद्याचे पॅड घ्यायची यादी हातात पडेल. तुम्हाला हवं ते 'सॉकर'. बूट घेतानाही बघा. अमेरिकन फुटबॉलच्या बुटाला पुढे अंगठ्याखाली एक जादा स्टड असतो, आणि मुलांच्या बहुतेक सॉकर लीगमध्ये तो चालत नाही, कारण घसरत आलेल्या पायाने समोरच्याची नडगी फुटते. सॉकरचा चेंडू साधारण 8 वर्षांखाली 3 नंबर, 8 ते 12 ला 4 नंबर, पुढे 5 नंबर. मेलबर्नला 'फुटी' म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, सिडनी-ब्रिस्बेनला बहुधा 13 जणांचं रग्बी लीग. लहान मुलांचा 'ऑसकिक' वर्ग ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा, 'मिनीरूज' सॉकरचा. आयर्लंडच्या खेड्यात शेजाऱ्याने "पोराला फुटबॉलला पाठवा" म्हटलं तर ते बहुतेक गेलिक क्लबबद्दल असतं, तेव्हा कुठलं मैदान ते आधी विचारून घ्या.

मराठीत लिहिताना नुसतं 'फुटबॉल' असोसिएशनसाठी ठेवावं आणि बाकीच्यांना अमेरिकन, ऑस्ट्रेलियन, गेलिक असं विशेषण लावावं. बातमी अमेरिकेतली असेल तर पहिल्याच वाक्यात लावा. 'फुटबॉल सामन्यात 20-17 असा विजय' असं छापलं तर कोल्हापूरचा वाचक त्याला छपाईची चूकच समजेल.